रोटरी पॉलिशरचे पॅड : निवड आणि निगा

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गाडीच्या रंगावर रोटरी पॉलिशर, म्हणजे रोजच्या बोलण्यातले बफिंग मशीन, फिरवण्याविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत यंत्राबद्दल आणि कंपाउंडबद्दल, म्हणजे रंग घासणाऱ्या कणांच्या लेपाबद्दल, भरपूर विचारलेले असते, पॅडचा उल्लेख मात्र जाता जाता येतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. यंत्राचे काम केवळ फिरवण्याचे आहे. रंगाला प्रत्यक्ष भिडतो तो पॅड, आणि रंग उजळणे किंवा बिघडणे हे बव्हंशी त्याच्यावरच ठरते. म्हणून या वेळी पॅडविषयीचीच पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी नुकतेच रोटरी पॉलिशर घेतले आहे. दुकानात लोकरीचे, फोमचे आणि मायक्रोफायबरचे पॅड दिसले, आणि फोममध्ये पुन्हा पिवळा, नारिंगी, पांढरा, निळा, काळा असे अनेक रंग. माझी गाडी सात वर्षांची आहे. तिच्या बोनेटवर आणि दरवाजांवर, धुताना फडके फिरवून पडलेले बारीक गोलाकार ओरखडे उन्हात दिसतात. सुरुवात कोणत्या पॅडने करावी?

उत्तर : आधी पॅडच्या रंगांविषयी सांगतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. रंगांची सर्वमान्य पद्धत अशी काही नाही. एका कंपनीचा नारिंगी पॅड मध्यम असतो, तर दुसरीचा त्याच रंगाचा पॅड चांगलाच कडक असू शकतो. त्यामुळे एका कंपनीचा तक्ता पाठ करून दुसऱ्या कंपनीचा पॅड विकत घेऊ नये. पाकिटावर ‘कटिंग’, ‘पॉलिशिंग’ किंवा ‘फिनिशिंग’ यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे आणि शक्य असेल तर पॅड अंगठ्याने दाबून पाहावा. जो पॅड जोर लावल्याशिवाय दबत नाही आणि सोडताच झटकन मूळ आकारात येतो तो कापणारा. जो सहज दबतो आणि हळूहळू वर येतो तो शेवटच्या हाताचा. फोमची छिद्रे मोठी की बारीक यावरून त्याचा कडकपणा ठरवू नये, कारण सारख्याच छिद्रांचे दोन फोम कडकपणात अगदी वेगळे असू शकतात.

आता जातींविषयी. लोकरीच्या पॅडवरचा प्रत्येक धागा कंपाउंडमधले अपघर्षक कण धरून रंगावरून ओढत असतो, म्हणून तो सर्वांत झपाट्याने कापतो. धाग्यांमधून हवा खेळत असल्यामुळे तितकेच काम करताना तो कडक फोमपेक्षा कमी तापतो, आणि पुष्कळ कारागीर त्याला सोडायला तयार नसतात ते याच गुणामुळे. पीळ दिलेल्या धाग्यांचा पॅड अधिक धारदार असतो, मोकळ्या लोकरीचा त्या मानाने सौम्य. मात्र काम झाल्यावर लोकर रंगावर धूसरपणा आणि रेषा मागे ठेवते, त्यामुळे तिच्यानंतर फोमचा एक हात मारावाच लागतो.

फोमचे पॅड पॉलियुरेथेनचे असतात. त्यांतही दोन प्रकार आहेत. उघड्या छिद्रांच्या फोममधून हवा आरपार जाते आणि तो लवकर थंड होतो, पण पातळ पॉलिश आत शोषून घेतो. बंद छिद्रांचा फोम पॉलिश पृष्ठभागावरच ठेवतो, धुतल्यावर लवकर वाळतो, पण उष्णता धरून ठेवतो. मायक्रोफायबरचे बहुतेक पॅड दुहेरी हालचालीच्या, म्हणजे ड्युअल ॲक्शन पॉलिशरसाठी (ज्यात पॅड फिरता फिरता हेलकावेही घेतो) बनवलेले असतात. रोटरीच्या एकाच दिशेच्या वेगवान फिरण्यात त्यांचे आखूड तंतू लवकर चिकटून बसतात आणि उष्णता वाढत जाते. रोटरीवर चालेल असे बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते आपल्या यंत्राला लावू नयेत.

आपण लिहिलेल्या ओरखड्यांसाठी मध्यम कडकपणाचा, ‘पॉलिशिंग’ गटातला फोम पॅड आणि मध्यम प्रतीचे पॉलिश येथून सुरुवात करावी. लोकरीला आत्ताच हात लावू नये. याचे कारण रंगाच्या जाडीत आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. लिहिण्याच्या साध्या कागदाची जाडी सुमारे 100 मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या हाती असलेला सगळा थर अर्ध्या कागदाएवढा आहे. पॉलिश करणे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणणे, आणि गेलेला थर पुन्हा येत नाही. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. तेव्हा जेवढ्याने काम होईल तेवढाच सौम्य पॅड वापरावा. बोनेटवर हातभर लांबी-रुंदीचा एक तुकडा नमुना म्हणून करून पाहावा. ओरखडे राहिलेच, तर आधी त्याच पॅडवर थोडे कडक कंपाउंड घ्यावे, आणि तरीही भागले नाही तरच पॅड बदलावा. असा नमुना करण्यात पंधरा मिनिटे जातात, आणि संपूर्ण गाडीसाठी कोणता पॅड किती लागेल याचा अंदाज त्यातूनच येतो.

संख्येबद्दल आपण विचारलेले नाही, पण ती महत्त्वाची आहे. एकाच पॅडवर संपूर्ण गाडी करू नये. मध्यम आकाराच्या गाडीसाठी पॉलिशिंगचे निदान तीन किंवा चार आणि फिनिशिंगचे दोन पॅड हाताशी असावेत. एक ओला आणि गरम झाला की तो बाजूला ठेवून दुसरा लावता आला पाहिजे. पैसे मोजकेच असतील तर पाच वेगवेगळ्या जातींचे एकेक पॅड घेण्यापेक्षा दोनच जातींचे अधिक पॅड घेणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : काळ्या रंगाच्या गाडीवर लोकरीच्या पॅडने कंपाउंड केले. सावलीत गाडी आरशासारखी दिसत होती, पण दुसऱ्या दिवशी उन्हात आणल्यावर बोनेटभर पंख्याच्या पात्यांसारख्या हलत्या छटा दिसू लागल्या. पॅड खराब होता का?

उत्तर : पॅड खराबच होता असे म्हणता येणार नाही, काम अर्ध्यावर थांबले एवढेच. या छटांना होलोग्राम म्हणतात. रोटरीचा पॅड एकाच स्थिर अक्षाभोवती फिरतो, त्यामुळे प्रत्येक कण एकाच दिशेच्या चापाकार रेषा ओढत जातो. अशा हजारो समांतर रेषांवर तिरपा उजेड पडला की ती हलती छटा दिसते. दुहेरी हालचालीच्या यंत्रात या रेषांची दिशा सतत मोडत राहते, म्हणून तिथे ती क्वचितच उमटते. गडद रंगावर ती ठळक दिसते. फिकट रंगावरही ती असते, पण नजरेत येत नाही.

उपाय असा. प्रथम कंपाउंडचा सगळा अवशेष स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसून काढावा, कारण जाड कण पॅनेलच्या फटींतून पुन्हा नव्या पॅडखाली आले तर पुढचा हात वाया जातो. नंतर मऊ फिनिशिंग फोम, बारीक पॉलिश आणि मिनिटाला 900 ते 1200 फेऱ्यांचा वेग घ्यावा. त्या भागावरून शेवटचे दोनदा यंत्र नेताना त्यावर हाताचा भार मुळीच देऊ नये, यंत्राचे स्वतःचे वजन पुरते. पॅड पृष्ठभागावर पूर्ण सपाट ठेवावा. तिरपा धरलेला पॅड केवळ कडेने कापतो, आणि सर्वांत खोल होलोग्राम तिथेच पडतात.

सावलीत गाडी चांगली दिसली याचे आणखी एक कारण आहे. अनेक पॉलिशमध्ये तेले असतात, आणि ती बारीक रेषांमध्ये बसून त्यांना तात्पुरती झाकतात. म्हणून तपासण्याआधी पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग हलकेच पुसावा आणि मग एका ठिकाणाहून येणाऱ्या प्रखर उजेडात, म्हणजे उन्हात किंवा एलईडी बॅटरीखाली, तिरपे पाहावे. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात होलोग्राम दिसत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे 180 मिलिमीटरचा पॅड आहे. सपाट भागावर तो व्यवस्थित चालतो, पण बंपरवर आणि दरवाजाच्या हँडलजवळ यंत्र उड्या मारते. लहान पॅड घ्यावा का? जुनी बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड ज्या चकतीवर बसतो ती, चालेल का?

उत्तर : लहान पॅड जरूर घ्यावा, आणि त्याच्या मापाची प्लेटही. पॅडची कड प्लेटच्या बाहेर सगळीकडून सारखी, साधारण बोटभर येईल अशी जोडी असावी. प्लेट पॅडएवढीच किंवा मोठी असेल तर कधी ना कधी तिची कडक कड रंगाला लागते आणि तिथे एक खोल अर्धवर्तुळ उमटते. प्लेट फारच लहान असेल तर पॅडची कड लोंबते आणि दाब सगळा मध्यावर येतो. प्लेट घेण्यापूर्वी आपल्या यंत्राच्या दांड्याचा आटा पाहून घ्यावा. एम 14 आणि पाच अष्टमांश इंच हे दोन आटे सर्वाधिक आढळतात, आणि ते एकमेकांत बसत नाहीत.

आकार बदलल्यावर वेगाचा हिशेबही बदलतो, आणि तो फार थोडे लोक करतात. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर 180 मिलिमीटरच्या पॅडची कड ताशी सुमारे 51 किलोमीटर वेगाने रंगावरून सरकते. 150 मिलिमीटरच्या पॅडची सुमारे 42, आणि 75 मिलिमीटरच्या पॅडची जेमतेम 21. घर्षण आणि उष्णता याच वेगाबरोबर वाढतात. म्हणजे मोठ्या पॅडवर जो आकडा योग्य असतो तो लहान पॅडवर मंद वाटतो, आणि लहान पॅडची सवय झालेल्या हाताने मोठा पॅड त्याच आकड्यावर लावला तर रंग तापतो. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. लहान पॅडवर तेवढाच भार दिला तर तो थोड्या जागेवर एकवटतो. बंपर प्लॅस्टिकचा असतो, आणि पत्र्याप्रमाणे तो उष्णता पसरवून टाकत नाही, म्हणून तिथे रंग फार लवकर तापतो. तिथे थोड्या थोड्या वेळाने हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावे. हात ठेवता येत नसेल तर थांबावे.

यंत्र उड्या मारण्याचे दुसरे कारण बहुतेक वेळा पॅड मध्यावर नसणे हे असते. वेल्क्रोवर पॅड चार-पाच मिलिमीटर जरी सरकून बसला तरी रोटरीवर तो हादरे देतो, आणि हात त्याला आवरण्यासाठी नकळत जास्त दाब देऊ लागतो. मध्यात भोक असलेले पॅड बसवायला सोपे पडतात, आणि त्या भोकामुळे मध्यभागी साठणारी उष्णताही कमी होते. पॅड लावताना किंवा काढताना यंत्राची पिन बोर्डातून काढलेली असावी. धारदार वळणांवर, पॅनेलच्या कडांवर आणि रबरावर मास्किंग टेप लावावी, कारण वळणाच्या माथ्यावर रंगाचा थर मुळातच पातळ असतो.

प्रश्न : काम करताना पॅडवर चिकट राखाडी थर बसतो, यंत्र ओढू लागते आणि पांढरी भुकटी उडते. प्रत्येक वेळी पॅड धुवायला थांबलो तर दिवस पुरत नाही. काम चालू असताना पॅड साफ करण्याची रीत कोणती?

उत्तर : आपण लिहिलेला राखाडी थर म्हणजे वापरून झिजलेले अपघर्षक कण, वाळलेले तेल आणि रंगावरून निघालेला क्लिअर कोट यांचा एकत्र लगदा असतो. तो पॅडची छिद्रे बुजवतो, मग हवा खेळत नाही, पॅड तापतो, तापलेला लगदा आणखी चिकट होतो, आणि त्यात अडकलेले गोळे नवे ओरखडे पाडू लागतात. रोटरीने बिघडलेल्या कामांपैकी पुष्कळ कामे चुकीच्या पॅडमुळे नव्हे, तर भरलेल्या पॅडमुळे बिघडतात असे माझे ठाम मत आहे. म्हणून साफसफाई दिवसाच्या शेवटी करण्याची गोष्ट नाही. ती प्रत्येक तुकड्यानंतर करायची असते, आणि तिला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

फोमसाठी मऊ नायलॉनच्या दातांचा ब्रश ठेवावा. एक तुकडा संपला की यंत्र रंगावरून उचलून, पॅड आपल्यापासून दूर वळवून, सर्वांत कमी वेगावर चालू करावे आणि ब्रश मध्याकडून कडेकडे हलकेच न्यावा. भुकटी निघून जाते आणि दबलेला फोम पुन्हा फुलतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क असावा. यंत्राची वायर खांद्यावरून मागे घेतलेली असावी, कारण लोंबती वायर पॅडमध्ये अडकली तर क्षणात गुंडाळली जाते. फिरत्या पॅडवर टॉवेल दाबून धरण्याची रीत दुहेरी हालचालीच्या यंत्रावर चालते, पण रोटरीवर ती वापरू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका दिशेने फिरणारा पॅड टॉवेलची घडी पकडतो आणि तिच्याबरोबर बोटेही ओढतो. टॉवेल वापरायचाच असेल तर यंत्र बंद करून, पॅडवर कोरडा टॉवेल घट्ट दाबून ओल टिपून घ्यावी.

लोकरीच्या पॅडला ब्रशचा उपयोग कमी होतो. त्यासाठी दांड्याला लावलेले दातेरी चाक मिळते, त्याला पॅड स्पर म्हणतात. कमी वेगावर फिरणाऱ्या पॅडवर ते मध्याकडून कडेकडे हलक्या हाताने नेले की गुठळ्या फुटतात आणि धागे सुटे होतात. नवा लोकरीचा पॅडही पहिल्या वापराआधी असाच विंचरून घ्यावा, म्हणजे सुटी लोकर आधीच गळून जाते आणि गाडीच्या फटींत अडकत नाही. हे चाक फोमवर मात्र चुकूनही लावू नये, फोमचे लचके निघतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने लोकर खरवडण्याची सवय काही ठिकाणी दिसते. तिने धागे तुटतात, आणि हत्यार हातातून निसटले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

हवेचा कॉम्प्रेसर जवळ असेल तर दोन्ही जातींसाठी तोच सर्वांत चांगला उपाय आहे. यंत्र बंद ठेवून, हवेची नळी पॅडला टेकवू न देता तिरपी धरून झोत द्यावा. अगदी जवळून सरळ मारलेला झोत फोम आणि वेल्क्रो यांच्यामधला चिकटवलेला सांधा उचकटू शकतो.

भुकटी उडण्याचे एक कारण कंपाउंड जास्त घेणे हेही असते. नव्या किंवा धुतलेल्या पॅडच्या तोंडावर आरंभी बोटाने पातळ, सगळीकडे सारखा हात द्यावा, म्हणजे कोरडा फोम रंगावर घासत नाही. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. पॅड जितका भरत जातो तितके कमी घ्यावे लागते. बरेच जण मात्र पॅड कापत नाहीसा वाटला की आणखी कंपाउंड ओततात, आणि लगदा वाढत जातो.

प्रश्न : लोकरीचा पॅड धुण्याच्या यंत्रात गरम पाण्याने धुतला, तो आटून टोपीसारखा वाकडा झाला. फोमचा पॅड तीव्र डीग्रीझरमध्ये रात्रभर भिजवला, त्याचे वेल्क्रो सुटून आले. दोन्ही टाकून द्यावे लागले. योग्य पद्धत सांगावी.

उत्तर : दोन्ही प्रसंगांत पॅडचा गुणधर्म विसरला गेला आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नमदा याच गुणावर बनतो, आणि आपल्या पॅडचाही नमदाच झाला. लोकरीचा पॅड थंड किंवा अगदी कोमट पाण्यात, लोकरीच्या कपड्यांसाठी असलेला सौम्य साबण घालून, हाताने दाबून दाबून धुवावा. चोळू नये, पिळू नये. धुतल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे, सावलीत वाळवावा आणि वाळल्यावर स्परने विंचरावा. कपडे मऊ करणारे द्रव पाण्यात घालू नये. त्याचा थर धाग्यांवर राहतो आणि पुढच्या कामात रंगावर उतरतो.

फोमच्या बाबतीत कमकुवत जागा आहे ती फोम आणि वेल्क्रो यांना जोडणारा गोंद. उकळते पाणी, तीव्र क्षार, थिनर किंवा पेट्रोल यांपैकी काहीही त्याला सोसत नाही, आणि फोमही त्यांनी फुगतो किंवा भुगा होऊ लागतो. लांब वेळ भिजवल्यानेही पाणी सांध्यात शिरते. धुण्याचा क्रम असा ठेवावा : काम संपताच, लगदा वाळण्याआधी, पॅड कोमट पाण्याखाली धरावा, पॅडसाठी मिळणारे क्लीनर किंवा पातळ केलेले सौम्य साबणाचे पाणी फवारून दोन-तीन मिनिटे थांबावे, मऊ ब्रशने वर्तुळाकार घासावे, मग दोन्ही तळव्यांमध्ये दाबून आणि सोडून, निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळाळून घ्यावे. पाणी स्वच्छ दिसले तरी एकदा फोम जोरात दाबून फेस येतो का ते पाहावे. आत राहिलेला साबण पुढच्या वेळी पॉलिशला पातळ करतो आणि त्याचे काम बिघडवतो. फोम पिळू नये, पिळल्याने त्याची कड फाटते.

हाताने दाबल्यावरही फोममध्ये बरेच पाणी राहते. ते काढण्यासाठी पॅड यंत्राला लावून, रिकाम्या खोल बादलीत पूर्ण आत धरून, सर्वांत कमी वेगावर काही क्षण फिरवावा. पॅड बादलीच्या कडांना लागू देऊ नये आणि यंत्राला ओले हात लावू नयेत. पॅड नुसता टपकत असेल तर ही रीत वापरू नये. आधी टॉवेलने बरेचसे पाणी काढून घ्यावे, नाहीतर ते उडून यंत्राच्या हवेच्या फटींत जाते.

वाळत घालताना वेल्क्रोची बाजू वर आणि फोमचे तोंड खाली ठेवून पॅड तारेच्या जाळीवर ठेवावा, म्हणजे उरलेले पाणी सांध्याकडे न जाता खाली उतरते. ऊन, हीटर आणि कपडे वाळवण्याचे यंत्र टाळावे. जाड फोम आतून वाळायला एक संपूर्ण दिवस, कधी दोनही लागतात. वरून कोरडा वाटणारा पण आतून ओला असलेला पॅड वेगाने फिरवला की पाण्याचे तुषार रंगावर येतात, आणि तसाच डब्यात बंद केला तर त्याला बुरशी लागते.

प्रश्न : कंपाउंडसाठी वापरलेला पॅड नीट धुऊन बारीक पॉलिशसाठी वापरला तर चालेल का?

उत्तर : चालू नये असेच मी म्हणेन. कितीही धुतले तरी जाड कणांपैकी काही फोमच्या खोल छिद्रांत राहतात, आणि शेवटच्या हातात त्यांतला एखादाही कण संपूर्ण पॅनेलवर रेघ ओढू शकतो. प्रत्येक पॅडच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनने कोणत्या कामाचा ते लिहून ठेवावे, आणि कामानुसार वेगवेगळ्या बंद पिशव्यांत, पूर्ण वाळल्यावरच ठेवावेत. उलट दिशेने मात्र पॅड उतरवत नेता येतो. फिनिशिंगसाठी निरुपयोगी झालेला मऊ पॅड वॅक्स लावायला, आणि तिथूनही निवृत्त झालेला हेडलाइटच्या काचेसाठी चालतो. यंत्र ठेवताना ते पॅडवर उभे करून ठेवू नये. फोमवर दाबाची खूण कायम राहते आणि पुढच्या वेळी तो डगमगत फिरतो.

प्रश्न : पॅड कधी टाकून द्यावा? आणि एकदा पॉलिश करताना पांढऱ्या पॅडवर गाडीचा लाल रंग आला, तो धुऊनही गेला नाही. पॅडमध्ये दोष होता का?

उत्तर : टाकण्याच्या खुणा स्पष्ट असतात. दाबून सोडलेला फोम वर येत नाही, मध्यभाग मऊ होऊन खचलेला लागतो, कडेला चिरा पडतात, नखाने खरवडल्यावर भुगा निघतो, किंवा वेल्क्रोचे एखादे टोक सुटू लागते. यांपैकी शेवटची खूण दिसली तर पॅड दुरुस्त करण्याचा मोह टाळावा, कारण वेगात असताना निसटलेला पॅड उघड्या प्लेटला रंगावर सोडून जातो. पॅड चांगला असूनही प्लेटवर टिकत नसेल तर प्लेटचे हुक तपासावेत. फार उष्णतेने मध्यभागीचे हुक वितळून गुळगुळीत होतात, आणि मग पॅडऐवजी प्लेट बदलावी लागते.

लाल रंगाचा प्रश्न पॅडचा नाही, गाडीचा आहे. काही गाड्यांवर, विशेषतः जुन्या गाड्यांवर, क्लिअर कोट नसतो. रंगाचा एकच थर असतो आणि पॉलिश करताना तोच थोडा थोडा निघून पॅडवर येतो. अशा गाडीवर ही गोष्ट स्वाभाविक आहे. पॅड मात्र त्या रंगाच्या गाडीसाठीच राखून ठेवावा. आपल्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही हे पाहण्यासाठी, डिकीच्या आतल्या किंवा दरवाजाच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या भागावर पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश हाताने घासावे. कापडावर गाडीचा रंग आला तर थर एकच आहे. पण त्या आतल्या भागावर कापड पांढरेच राहिले आणि बाहेर बोनेटवर किंवा वळणावर पॅड लाल झाला, तर त्या ठिकाणचा क्लिअर कोट संपलेला आहे. तिथे कोणताही मऊ पॅड उपयोगी पडणार नाही. यंत्र तत्काळ थांबवून त्या जागेवर टेप लावावी, आणि रंगाच्या कारागिराने रंगाची जाडी मोजण्याच्या उपकरणाने तो भाग तपासेपर्यंत आजूबाजूच्या पॅनेललाही पॅड लावू नये.